सगळं बरं चाललंय म्हणणारा उन्हाळा

यंदा पुन्हा तसंच झालं. मृग कोरडा गेला, आर्द्रा नुसता वारा घेऊन आली, आणि पाऊस लांबला की आमच्या भागात जी आवई हमखास उठते ती उठली: उदगीर जिल्हा होणार. कोण उठवतं, देव जाणे. टपरीवरचा एखादा माणूस छातीठोकपणे सांगतो की नकाशा तयार हाय, नुसती सही राहिलीय. मग त्या नकाशात जळकोट धरायचं, देवणी धरायची, मुखेड नांदेडकडून काढून घ्यायचं की नाही, यावर चहा गार होतो. ढगांचंही तसंच. दुपारी जमतात, सगळे मान वर करून बघतात, आणि संध्याकाळी आभाळ घासल्या ताटासारखं लख्ख.

मी आता नांदेडला शिकवते. व्यवस्थापन शाखेच्या मुलांना संशोधन कसं करायचं ते सांगते. परवा एक विद्यार्थिनी आली. तिचे सगळे प्रश्न फोनवर गेले होते आणि सगळी उत्तरं फोनवरच आली होती. घाम नाही, धूळ नाही. म्हणाली, "मॅडम, आठवड्यात सगळी उत्तरं आली, अन् लई छान आली." 'छान आली' हे शब्द ऐकले आणि खिडकीबाहेरचं ऊन एकदम जुनं झालं. त्या उन्हाला एसटीच्या तापलेल्या गजांचा वास होता. पोरगी बोलत राहिली, मी मान हलवत राहिले, आणि मनानं मी केव्हाच जळकोटच्या रस्त्याला लागले होते.

त्या उन्हाळ्याचा रंग मला निळा आठवतो. दुष्काळाचा रंग लोक मातकट सांगतात, पण मी भांड्याच्या दुकानदाराची मुलगी. त्या वर्षी उदगीरला आमच्या दुकानापुढं पाण्याचे निळे ड्रम उभे होते. वर दोरीला ओवलेल्या प्लास्टिकच्या घागरी, निळ्या, पोपटी, केशरी. वारा सुटला की एकमेकींवर आपटून पोकळ आवाज करायच्या. आमच्या गल्लीत टँकर यायच्या आधी त्याच घागरी रांगेत बसलेल्या असायच्या, आणि बायका सावलीला. आपली घागर कितवी आहे हे प्रत्येकीला लांबूनही ठाऊक. कुणी पायानं दुसरीची घागर मागं सरकवली की जो कल्ला उठायचा, तो ऐकून टँकरवालासुद्धा खाली उतरायला घाबरायचा.

अप्पा, म्हणजे माझे वडील, या घागरींकडं बघून नाक मुरडायचे. त्यांचा जीव स्टीलमध्ये आणि पितळेत; आसपासच्या गावच्या दुकानांनाही तो माल ते द्यायचे. लग्नसराईत पोरीला द्यायचा सगळा संच आमच्याकडून जायचा: पातेल्यांची उतरंड, परात, डबे, कळशी, तांब्या. सगळ्यावर पोरीचं नाव कोरून द्यायचं. नाव कोरायचं छोटं यंत्र दिवसभर टर्रर्र करत असायचं. लहानपणी त्या आवाजातच मी अभ्यास केला, त्यातच मला झोप लागायची. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि मांडीवर पालथं पातेलं घेऊन मान वाकडी करून नाव कोरणारे अप्पा. त्यांनी कोरलेलं नाव कुणी पुसू शकणार नाही, असा त्यांना अभिमान होता.

मी पीएचडी करणार म्हटल्यावर त्यांनी विषय विचारला. दुष्काळी वर्षात तालुक्याच्या बाजारपेठेतला लहान दुकानदार माल काय भरायचा, किती भरायचा, हे कसं ठरवतो, असा माझा विषय. अप्पा हसले. "एवढंच? एवढं तर मी इथं बसून सांगतो की. त्याला एवढी वर्सं कशाला लागतेत?" पण दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या दुकानदारांना कळलं होतं की अप्पांची गिरिजा डाक्टर होऊन राहिली. सुई टोचणारी न्हाई, दुकानाची डाक्टर.

दुकानाची डाक्टर! आता हसू येतं, पण तेव्हा मला ते आवडलं होतं. खरंच वाटायचं की आपण काहीतरी शोधून काढू आणि त्यानं अप्पांच्या दुकानाचं भलं होईल. तसं कधी कुणाला बोलले नाही. सरांनाही नाही. पण त्या सगळ्या ओढीच्या तळाशी तेच होतं. मागचं वर्ष कोरडं, त्याच्या मागचं अर्धं कोरडं, आणि अप्पा संध्याकाळी घरी येऊन न बोलता जेवायचे. मी विचारलं की म्हणायचे, "बरं चाललंय, बाई. तू तुझा अभ्यास कर." मी करायची.

एसटीत बसलं की मला अर्धवट झोप यायची. ती झोप मला अजून हवीशी वाटते. खिडकीला डोकं टेकलेलं, गाडीचा थरथराट थेट दातांत, बाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं, भेगा पडलेली, आणि मधेच एखादं पळसाचं झाड कुणाची पर्वा न करता फुललेलं. देवणीच्या रस्त्याला पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली गुरं भेटायची. तिथली गाय देखणी, पण त्या वर्षी तिच्या बरगड्या दिसायच्या. माणसं त्यांना घेऊन छावणीकडं निघालेली. कंडक्टर ओळखीचा झाला होता. माझ्या हातातला कागदांचा गठ्ठा बघून म्हणायचा, "काय मॅडम, आज कोन्या गावाची परीक्षा?"

परीक्षाच म्हणा. सगळे प्रश्न छापील. यंदा विक्री वाढली की घटली, माल आधीइतका भरला की कमी, येत्या हंगामाबद्दल काय वाटतं, पुढं खुणा करायला चौकोन. जळकोटला बसवण्णामामा होता, अव्वाचा म्हणजे माझ्या आईचा भाऊ, त्याचं किराणा दुकान. त्यानं मला सावलीला बसवलं, माठातलं पाणी दिलं, दुष्काळात कुणी पाणी दिलं की ते पिताना लाजल्यासारखं व्हायचं, आणि मग सगळी दुकानं स्वतः फिरवून दाखवली. काय ते दुकानदार! मी कागद काढायच्या आत खुर्ची. प्रश्न वाचायच्या आत उत्तर.

"विक्री?"

"लई चांगली. आसपासच्या गावचं गिऱ्हाईक इथंच येतंय की."

"माल कमी भरला का यंदा?"

"छे! उलट जास्तीच. लिहा, जास्तीच."

"पुढं कसं वाटतं?"

"पुढं तर बघायलाच नको. बाजारपेठ मोठी होऊन राहिली."

देवणीलाही तेच. कुणी कां कूं केलं नाही. मी भरलेले कागद छातीशी धरून परत यायची, आणि बसमध्ये डोळे मिटले की दिसायचं, दुष्काळाच्या मधोमध ही छोटी छोटी दुकानं दिव्यांसारखी तेवत उभी आहेत. देवाशप्पथ, मला रडू यायचं. किती सुंदर निष्कर्ष! रानं करपली, नद्या आटल्या, पण लहान दुकानदार हरला नाही. आणि मग आपोआप मनात यायचं की अप्पांचंही खरंच बरंच चाललं असणार. उगीच काळजी करते मी.

ते सगळं घेऊन नांदेडला सरांकडं गेले. सर माझे मार्गदर्शक. उंच, वाळकुडे, आवाज इतका हळू की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू यायचा नाही, म्हणून त्यांच्या खोलीत उन्हाळाभर सगळे घामानं निथळत बसायचे. गोदावरीचं पात्र तेव्हा वाळूच होतं, मधे मधे हिरवट डबकी. सरांना ते खिडकीतून दिसायचं, आणि माझे कागद बघता बघता ते मधेच तिकडं बघत राहायचे. मी आनंदानं फुगलेली. कोष्टकं झाली होती, आलेख झाले होते, सगळे चढते.

शेवटचा कागद उलटून सर म्हणाले, "गिरिजाबाई, सगळे खूश आहेत."

"हो सर."

"एकही माणूस रडला नाही?"

"नाही सर. तेच तर नवीन आहे."

"तुमच्या वडिलांचं कसं आहे?"

"बरं चाललंय म्हणतात."

"म्हणतात," सर म्हणाले, आणि पुन्हा वाळूकडं बघत बसले. मग म्हणाले, "मुखेड राहिलंय ना? करून या. फक्त एक करा. कागद काढायच्या आधी थोडा वेळ नुसतं बसा."

मला राग आला. इतकं काम केलं त्याचं काही नाही, आणि नुसतं बसा! परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात सरांशी कडाकडा भांडले. भांडता भांडता कुठंतरी मेथीच्या जुडीतून अळी निघावी तशी एक गोष्ट निघाली. हा दुष्काळ पडायच्या आधी अप्पा आयुष्यात कधी 'बरं चाललंय' म्हणाले नव्हते. कुठलाच दुकानदार म्हणत नाही! दिवाळीत पाय ठेवायला जागा नसताना कुणी विचारावं, कसं काय धंदा? अप्पा गल्ल्यावरून मान वर न करता म्हणणार, "कुठला धंदा, मंदा हाय." त्यांच्या बापाचंही तेच, आजाचंही तेच. चांगलं चाललंय म्हटलं की नजर लागते, भाऊबंदांचे डोळे मोठे होतात, गिऱ्हाईक सूट मागतं. बाजारपेठेतलं शेंबडं पोरही 'मंदा हाय' म्हणायला शिकतं आणि मग चालायला. आणि मी, त्याच पेठेत वाढलेली, गावंच्या गावं 'लई चांगलं' म्हणत असताना खुणा करत गेले. बाहेर उन्हात रस्ता पाण्यासारखा चमकत होता, आणि जवळ गेलं की नुसतं डांबर.

मुखेडला बाजाराच्या दिवशी गेले. तिखटाचा खकाणा, कोंबड्या, हरभऱ्याच्या पोत्यांवर झोपलेली माणसं, उरलेसुरले कांदे विकणाऱ्या बायका. रशीदभाईंचं भांड्यांचं दुकान कोपऱ्यावर होतं. मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, आणि गिऱ्हाईक नसल्यानं सावकाश एकच परात पुसत बसलेले. सरांनी सांगितलं म्हणून मी नुसती बसले. पहिल्यांदाच. काही न विचारता दुसऱ्याच्या दुकानात बसणं किती अवघड असतं! हात कुठं ठेवावे कळत नाही. मग डोळे हळूहळू फिरायला लागले. पुढं तेच निळे ड्रम. मागं स्टीलचे संच, प्लास्टिकच्या पिशव्यांत, आणि पिशव्यांवर धूळ. कडेला पुठ्ठ्याचे खोके रचलेले.

रशीदभाई स्वतःच बोलले. "विचारा ना बेटा. आम्ही सगळा माल नांदेडहून आणतो. लिहा. उदगीरशी आमचा काही ताल्लुक, काही संबंध न्हाई."

मी त्या खोक्यांकडं बघत होते. त्यांवर निळ्या रंगानं, कुंचल्यानं, आकार लिहिलेले होते. कानडी आकड्यांत. आमच्या आजोबांनी अप्पांना हिशेब कानडीत शिकवला, आणि अख्ख्या मुलुखात खोक्यावर कानडी आकडा असा शेपूट ओढून लिहिणारा एकच माणूस होता.

"रशीदभाई, हा माल अप्पांचा हाय की."

त्यांनी परात खाली ठेवली. चोरी सापडल्यासारखे नाही, जरा वैतागून हसले. "मग काय करता? तुमचे अप्पा आमचे दोस्त. माल त्यांचा नेक. पण जिल्ह्याची गोष्ट वेगळी हाय बेटा. आमाला नांदेड सोडायचं न्हाई."

"जिल्ह्याची कुठली गोष्ट?"

"लो! तुमी सर्वे करून राहिल्या ना, कोनती बाजारपेठ कोन्या जिल्ह्यात घालायची त्याचा? तुमच्या आधी खबर येते. उदगीरच्या शेटची मुलगी सरकारकडून लिहून घेऊन राहिली. जळकोटवाले म्हणले, आमी मोठं मोठं सांगितलं. आमी म्हणलं, आपून उलटं सांगू."

रशीदभाईंच्या बोलण्यातून सगळं उलगडलं. अप्पांनीच सांगितलं होतं, जळकोटला मामाकडं निरोप, देवणीला पाहुण्यांकडं निरोप, मुखेडला मालाच्या गाडीबरोबर निरोप, की पोरगी येतेय, नीट बोला, जिल्ह्याचं काम हाय. त्यांच्या दृष्टीनं एका दगडात दोन पक्षी. पोरीला उत्तरं मिळतील आणि उदगीरला जिल्हा. सगळ्या उन्हाळ्यात मी दुष्काळाबद्दल विचारत होते आणि माणसं जिल्ह्याबद्दल उत्तर देत होती. पालथ्या घड्यावर पाणी. तेसुद्धा असल्या दिवसांत, जेव्हा पाण्याचा थेंब थेंब मोजून वापरायचा.

रशीदभाईंनी माझा चेहरा बघितला आणि चहा मागवला. "रागावू नका त्यांच्यावर," म्हणाले. "माणूस लई उमेदीत हाय. जिल्हा झाला की कचेऱ्या येतील, नोकरदार येतील, संच खपतील, म्हणत होते." मग आवाज खाली आणून, "आमचं सांगू खरं? मंदा हाय बेटा. लई मंदा हाय." ते दोन शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं! हे माझं पहिलं खरं उत्तर होतं, आणि ते लिहायला कागदावर चौकोन नव्हता.

घरी येऊन मी भांडले. भर दुपारी, दुकानात, अव्वा डबा घेऊन आलेली, तिच्यासमोर. "माझं सगळं वाया गेलं अप्पा! सगळं परत करावं लागंल. मुदत संपत आली, सर काय म्हणतील?"

अप्पा गोंधळले. "मी काय वाईट सांगितलो का? नीट बोला म्हणलो. चार लोकांत तुझी इज्जत राहावी म्हणलो. अन् झाकली मूठ सव्वा लाखाची असती, बाई. आपलं गाव रडतंय असं कागदावर गेलं तर जिल्हा कोन देतंय?"

"मला जिल्हा नको होता. मला खरं पाहिजे होतं."

"खऱ्याला काय करतीस?" अप्पा म्हणाले, आणि मग डब्याचं झाकण उघडून बसले. जेवले नाहीत.

अव्वा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला बोलशील?" मी तिच्यावरही चिडले. त्या दिवसांत घरातल्या घरात अप्पा आणि मी एकमेकांना चुकवत होतो. ते पाण्याला गेले की मी जेवायची. कडुनिंबाचा फुलोरा अंगणात पडायचा, बारीक, पांढरा, गोडसर वासाचा, आणि सकाळी अप्पा तो न बोलता झाडून ठेवायचे. आजही कुठं तो वास आला की मला अबोला आठवतो.

सरांनी मात्र ओरडणं सोडाच, पंखा सुरू केला. केवढी मोठी मेहेरबानी! मी खुर्ची जवळ ओढली, तेव्हा म्हणाले, "ही उत्तरं फेकू नका. ती जिल्ह्याची आहेत, दुसऱ्या कुणाच्या तरी कामाची. तुमची उत्तरं अजून गावातच आहेत. मुदतवाढीचा अर्ज मी बघतो." मी विचारलं, परत गेल्यावर पुन्हा तसंच बोलले तर? सर म्हणाले, "तुम्ही आता थांबायला शिकलाय ना? थांबा."

उन्हाळ्याचा उरलेला भाग माझ्या आठवणीत असा नीट गावागावांत वाटलेला नाही. तो सगळा एकच लांब दुपार आहे. त्या दुपारी मी एकाच दुकानात बसलेली, आणि ते दुकान कधी जळकोटचं असतं, कधी देवणीचं. बाहेर रस्ता पांढरा. गल्ल्यावरचा माणूस पेंगतोय. माशी मापावर बसते, उडते, परत बसते. कागद पिशवीत. आधीच सांगून टाकलेलं असायचं, सर्वे न्हाई, सरकार न्हाई, जिल्हा न्हाई, माझ्या लिहिण्यात कुणाचं नाव येत न्हाई. विश्वास बसायला वेळ लागायचा. मग गिऱ्हाईक यायचं, पाव किलो साखर मागायचं, न घेता जायचं. त्याच्या पाठीकडं बघत दुकानदार आपसूक बोलायला लागायचा. कुणी सांगायचा की यंदा फडताळाच्या पुढच्या बाजूलाच माल लावलाय, मागं मोकळं हाय, दुरून भरलेलं दिसावं म्हणून. कुणी सांगायचा, मी माल भरायचं ठरवतच न्हाई, शेजारी काय भरतो ते बघतो, बुडलो तर दोघं बुडू. बसवण्णामामा तर इतकं बोलला की शेवटी म्हणाला, "हे तुझ्या अव्वाला सांगू नको. तिला वाटतंय भावाचं लई चांगलं हाय."

ऐकता ऐकता मला कळत गेलं की त्यातलं कितीतरी माझ्या डोळ्यांसमोर होतंच. नाव कोरायचं यंत्र. ते बंद होऊन किती दिवस झाले होते? आमच्या दुकानात टर्रर्र आवाज नाही, हे मला ऐकूच आलं नव्हतं. मी तिथंच बसून कोष्टकं भरत होते आणि दुकान माझ्या पाठीमागं गप्प झालं होतं.

सगळी गावं झाल्यावर मी अप्पांकडं गेले. रोहिण्या निघाल्या होत्या, आभाळ गच्च आणि कोरडं. दुकानात ते एकटेच होते. मी लाकडी पेटीवर बसले. अबोला अजून पूर्ण मोडला नव्हता, पण एवढा उन्हाळा मी परक्यांच्या दुकानांत गप्प बसून काढला होता, बापाच्या दुकानात गप्प बसायला मला काही जड गेलं नाही. खूप वेळ घागरींचा आवाज येत राहिला.

"कागद कुठं हाय?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"कागद न्हाई."

"नाव येतंय का कुणाचं?"

"न्हाई येत."

"माझं बी न्हाई?"

"तुमचं बी न्हाई."

अप्पांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. मग सांगत गेले, माझ्याकडं न बघता, समोरच्या रस्त्याला सांगितल्यासारखं. दिवाळीपासून लग्नाचा एकही संच गेला नाही. लग्नं पुढं ढकलली, जी झाली ती देवळात चार माणसांत. ड्रम आणि घागरी उंबरठ्यावरून जातात, त्यांना बसून विकायची गरज नाही. तरी सकाळी वेळेवर कुलूप काढतो, कारण शेजारचं कुलूप निघतं. दुपारी एकेक भांडं उतरवून पुसून परत ठेवतो, हात रिकामा दिसू नये म्हणून. आणि जिल्ह्याची बातमी आली की त्या दिवशी जेवण गोड लागतं. "पाऊस आपल्या हातात न्हाई," ते म्हणाले. "जिल्हा तरी माणसांच्या हातात हाय, आसं वाटायचं."

मी काही लिहून घेतलं नाही. डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलेही नाहीत. असं सगळं अप्पांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. ज्या माणसाच्या मांडीवर मी वाढले, त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते.

मग अप्पा माझ्याकडं वळले. त्यांची नजर वेगळी होती. वकिलासमोर बसलेला माणूस बघतो तशी. म्हणाले, "आता तू सांग. एवढी गावं फिरलीस, एवढ्या लोकांचं ऐकलीस. तुझ्या अभ्यासात काय निघालं? हे भांड्याचं ठेवू का बंद करू?"

आजवर मला कितीतरी जणांनी प्रश्न विचारलेत. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, परिषदांत टाय लावलेल्या माणसांनी. पण माझ्या अभ्यासावर विसंबून, उत्तर येईल तसं वागायचं म्हणून, फक्त अप्पांनी विचारलं. मला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. ठेवा अप्पा, येईल पाऊस, होईल जिल्हा, असं म्हणून त्या दिवशी त्यांचं जेवण गोड करावंसं वाटलं. पण सगळी गावं माझ्या कानात होती.

"बंद करा, अप्पा," मी म्हणाले. "जिथं जिथं लग्नाच्या मालावर दुकान हाय, तिथं कुठंच उभारी दिसली न्हाई. पाऊस आला तरी पहिलं वर्ष लोक बी-बियाणं बघतील, भांडी न्हाई."

त्यांनी वरच्या फळीकडं बघितलं. पितळेच्या कळशा होत्या तिथं, आजोबांच्या वेळच्या.

"बरं," म्हणाले. "करू. अन् मग ठेवू काय दुकानात? काय चालंल? ते बी निघालंच असंल की."

माझ्याकडं सगळं होतं. कोण कसा थांबतो, कोण कुणाला बघून माल भरतो, कोण पुढची फळी भरून मागची झाकतो. कसं बुडतात ते होतं. वर कसं यायचं, हे मी एकालाही विचारलं नव्हतं. तो प्रश्न माझ्या कागदावर कधी नव्हताच, छापील नाही की हातानं लिहिलेला नाही.

"न्हाई अप्पा," मी म्हणाले. "ते विचारायचंच राहिलं."

मला वाटलं ते आता रागावतील, किंवा आणखी वाईट म्हणजे समजूत घालतील. अप्पा हसले. किती तरी दिवसांनी, पोट हलेपर्यंत, दुकानातली भांडी वाजतील असे हसले. उठले, माझी पिशवी उचलून माझ्या खांद्याला अडकवली आणि बाहेर आभाळाकडं हात केला.

"मग जा की परत," म्हणाले. "अजून पाऊस कुठं आलाय?"